चौघांना किती तंबू लागतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघं मित्र, डोंगरातली पाच दिवस आणि चार रात्रींची चाल, सगळं सामान स्वतःच्या पाठीवर. आतापर्यंत वापरलेला चार-माणसी तंबू साडेचार किलोचा आहे आणि तो कुणी उचलायचा यावरून रोज सकाळी कुरबुर होते. आता हलका घ्यायचाय. एकच चार-माणसी २.५ किलोचा घ्यावा, की दोन-माणसी दोन, प्रत्येकी १.४ किलोचे? चौघांतला एक जण १८८ सेंटिमीटर उंच आहे. पाऊस लागेल, बर्फ नाही.

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. दोन घ्या. दोन्ही एकाच मॉडेलचे घ्या. आणि पैसे मोजण्याआधी उंच मित्राला त्या तंबूत मॅट आणि स्लीपिंग बॅगसकट आडवं करून बघा.

वजनाचं गणित सोपं आहे. मोठा एक घेतला तर माणशी ६२५ ग्रॅम, छोटे दोन घेतले तर माणशी ७००. फरक ७५ ग्रॅमचा, म्हणजे साबणाच्या एका लहान वडीएवढा. एवढ्या वजनात तुम्हाला चार दारं मिळतात, चौघांपैकी कुणालाही कुणाच्या अंगावरून ओलांडून बाहेर जावं लागत नाही, घोरणारा एका तंबूत आणि झोप सावध असणारा दुसऱ्यात जाऊ शकतो, आणि एक तंबू फाटला किंवा त्याचा पोल मोडला तर चौघांना बसून का होईना, रात्र काढायला दुसरा असतो. शिवाय डोंगरात २२० गुणिले २१५ सेंटिमीटरची सपाट, दगड नसलेली जागा शोधणं हा संध्याकाळी पाच वाजता, पाय दुखत असताना, फार वैतागाचा उद्योग आहे. दोन-माणसी तंबूला लागते तेवढी जागा एखाद्या झुडपाआडही सापडते. दोन तंबू शेजारीशेजारीच हवेत असंही नाही.

आता ही जी वजनं मी धरली, त्यांच्याबद्दल थोडं. तंबूवर बहुधा दोन वजनं लिहिलेली असतात. एक 'किमान': त्यात फक्त आतला जाळीचा भाग, त्यावरचं पाऊस अडवणारं बाहेरचं कापड म्हणजे फ्लाय, आणि पोल. दुसरं 'पॅक केलेलं': त्यात जमिनीत ठोकायच्या खुंट्या म्हणजे पेग, ताणाच्या दोऱ्या, पिशव्या, पोल दुरुस्त करायची नळी, सगळं. जाहिरातीत ठळक छापतात ते पहिलं. दोन्हींत दीडशे ते तीनशे ग्रॅमचा फरक सहज असतो. तुलना करताना दोन्ही तंबूंची पॅक केलेली वजनंच शेजारी ठेवा. तरीही एक गोम राहतेच: वजन कमी दिसावं म्हणून काही कंपन्या तंबूला जितके ताण द्यायची सोय असते त्यापेक्षा कमी पेग देतात. वाऱ्याच्या रात्री सगळे ताण लागतात. म्हणजे चार-सहा पेग पदरचे घालायचे. चांगला पेग दहा ते पंधरा ग्रॅमचा असतो, तेव्हा हे काही फार नाही, पण हिशेबात धरा.

वजनापेक्षा जास्त फसवणूक होते ती 'चार-माणसी' या शब्दाने. इथे 'माणूस' म्हणजे ५१ सेंटिमीटर रुंदीची एक मॅट. बाजारात मिळणारी नेहमीची मॅट तेवढी असते आणि तंबूवाले त्या मॅटा एकीला एक चिकटवून मोजतात. चार-माणसी हलका तंबू साधारण २१५ सेंटिमीटर रुंद असतो. चार मॅटांचे झाले २०४. उरले ११, आणि त्यात चौघांचे हेडलॅम्प, चष्मे, पाण्याच्या बाटल्या, कोरडे मोजे. हल्ली बऱ्याच जणांकडे ६४ सेंटिमीटरची रुंद मॅट असते. चौघांतल्या दोघांनी जरी ती आणली तरी बेरीज २३० होते आणि कुणाची तरी मॅट भिंतीवर चढते. जी मॅट भिंतीवर चढते तिच्यावरचा माणूस सकाळी ओला उठतो.

दोन-माणसी तंबूंचीही हीच लबाडी असते, जरा वेगळ्या तऱ्हेने. डोक्याकडे १३० सेंटिमीटर लिहिलेलं असतं, पायाकडे मात्र १०७. दोन नेहमीच्या मॅटांना ते पुरतं. दोन रुंद, चौकोनी मॅटांना नाही. म्हणून मी सगळ्यांना एक काम करायला लावते. घरातल्या मोकळ्या फरशीवर चिकटपट्टीने तंबूच्या तळाची आखणी करायची, डोक्याची रुंदी वेगळी आणि पायाची वेगळी धरून. मग आपल्याच मॅटा आणि बॅगा पसरून अर्धा तास पडून राहायचं. कूस बदलायची. एकाने उठून 'बाहेर' जाऊन यायचं. हसू येतं, पण मी असे दोन गट पाहिलेत ज्यांनी त्या अर्ध्या तासात आपला बेत बदलला.

उंच मित्राचं मात्र आखणीवर भागणार नाही, कारण त्याची अडचण जमिनीवर नसून हवेत आहे. तंबूच्या भिंती तिरक्या असतात. मॅट आठ-दहा सेंटिमीटर जाड, तिच्यावर माणूस, त्याच्यावर फुगलेली बॅग. म्हणजे पायाची बोटं जमिनीपासून तीस-पस्तीस सेंटिमीटरवर येतात, आणि त्या उंचीवर तंबूची लांबी कागदावरच्या लांबीपेक्षा बरीच कमी झालेली असते. तळ २१५ सेंटिमीटर असला तरी १८८ चा माणूस दोन्हीकडे टेकतो. त्याच्यासाठी तळाची लांबी २२५ च्या पुढे असलेला, किंवा दोन्ही टोकांच्या भिंती उभट असलेला तंबू बघा. उंचीसाठी रचना बघताना आडवा पोल आहे का तेही बघा: मधला आडवा आखूड पोल भिंती वर उचलतो आणि बसल्यावर डोकं कापडाला लागत नाही. छत सर्वांत उंच जागी शंभर-एकशेदहा सेंटिमीटर असेल तर दोघं समोरासमोर बसू शकतात. पण ती उंची तेवढ्या एकाच जागी आहे की लांबवर टिकते, हे आकड्यावरून कळत नाही, आत बसूनच कळतं.

आता पाऊस. माझ्या मते हलक्या तंबूची सगळी परीक्षा एका प्रसंगात होते: दुपारी तीनपासून पाऊस चालू आहे, सगळे भिजलेले आहेत, तंबू पावसातच उभा करायचाय, आणि पुढचे चौदा तास त्यात काढायचेत. लेबलवरचे आकडे कोरड्या, रिकाम्या तंबूचे असतात. तुम्ही विकत घेताय तो ओला, भरलेला तंबू.

पहिला प्रश्न उभारणीचा. बरेचसे हलके तंबू आधी आतला जाळीचा भाग उभा करून मग वर फ्लाय घालायचे असतात. पावसात या मधल्या दोन-तीन मिनिटांत आतल्या तळात तळं साचतं. काही तंबूंत फ्लाय आधी उभी राहते आणि आतला भाग तिच्याखाली कोरड्यात अडकवता येतो. काहींत दोन्ही एकमेकांना जोडलेलेच असतात आणि एकदम उभे राहतात. तुमच्यासारख्यांनी, जे पाऊस गृहीत धरून निघतात, त्यांनी याला वजनाच्या वर ठेवावं. शंभर ग्रॅम जास्त गेले तरी चालतील.

दुसरा ओसरीचा. व्हेस्टिब्यूल म्हणजे दारापुढची झाकलेली जागा, आपली ओसरीच. दोन-माणसी तंबूला दोन दारं आणि दोन ओसऱ्या असल्या की प्रत्येकाची ओली सॅक आणि चिखलाचे बूट त्याच्या त्याच्या बाजूला राहतात. एकच दार असलेला तंबू शंभर-दीडशे ग्रॅमने हलका असतो, आणि दोन माणसांच्या मैत्रीवर त्याचा जो ताण येतो तो कुठल्याही दोरीला झेपत नाही. दार उघडल्यावर पाऊस थेट आतल्या तळावर पडतो का, तेही बघा. दाराची वरची कड तळाच्या आत झुकलेली असेल तर पडतो.

ओसरीत चूल पेटवायची का, हे नेहमी विचारलं जातं. मी नाही पेटवत. नायलॉन पेटायला आणि वितळायला वेळ लागत नाही, आणि बंद जागेत जळणारी चूल कार्बन मोनॉक्साइड सोडते, ज्याला ना वास ना रंग. पावसात स्वयंपाकासाठी दोनशे-अडीचशे ग्रॅमचा एक छोटा टार्प, म्हणजे वर ताणायचं पाणी अडवणारं सुटं कापड, वेगळा न्या. दोन तंबूंच्या मधे तो ताणला की चौघांना बसायला जागा होते, आणि दोन तंबू घेतल्याने गट तुटतो अशी ज्यांची तक्रार असते तीही मिटते.

तिसरी गोष्ट आतल्या पाण्याची. श्वास आणि त्वचा यांतून नकळत बाहेर पडणारं पाणी धडधाकट माणसात दिवसाला साधारण ८०० मिलिलिटर असतं. म्हणजे आठ तासांच्या झोपेत माणशी पाव लिटरच्या वर. चौघांचं मिळून लिटरभर. त्यातलं काही दारांतून, जाळीतून निघून जातं, उरलेलं थंड फ्लायला आतून धरतं. पहाटे चारला हेडलॅम्प लावून वर बघितलं की सगळ्या कापडावर मोहरीएवढे थेंब दिसतात. तेवढ्यात वाऱ्याची एक थप्पड बसते आणि ते सगळे एकदम खाली येतात. दोन थरांच्या तंबूत ते आतल्या जाळीवर अडतात, निदान बरेचसे. एकाच थराच्या तंबूत तुमच्या तोंडावर.

अशा वेळी कुणीतरी हमखास ओरडतं, "तंबू गळतोय!" गळती आणि दव ओळखायची खूण सांगते. एक हातभर जागा रुमालाने पुसून कोरडी करायची आणि दहा मिनिटं थांबायचं. पाणी शिवणीच्या रेषेवर किंवा एकाच ठिकाणी परत आलं तर गळती. सगळीकडे सारखा बारीक घाम आला तर तो तुमचाच आहे. घाम कमी करायला वरची हवेची झडप उघडी ठेवा, पाऊस तिरका नसेल तर वाऱ्याआडचं दार खालून अर्धं सोडा, आणि ओले कपडे आत वाळत घालू नका, ते वाळत नाहीतच. जागा निवडताना ओढ्याकाठची, खोलगट भागातली हिरवळ टाळा. रात्री थंड हवा उतरून तिथेच साचते. वीस-तीस पावलं वर चढून गेलं तरी सकाळचा फरक कळतो. झाडाखाली दव कमी पडतं, फक्त वर वाळलेली फांदी लटकत नाही ना ते बघायचं.

कापडाबद्दल लोक फार बोलतात, म्हणून थोडक्यात. २०डी, १५डी अशी जी अक्षरं असतात ती डेनियरची: त्या धाग्याची ९,००० मीटर लांबी जितके ग्रॅम भरते तेवढा डेनियर. हलके तंबू १० ते ३० डेनियरमध्ये येतात. चौघांच्या वापरासाठी, जिथे तंबू चार वेगवेगळ्या हातांत जाणार, त्यात मी तळाला २० च्या खाली जायला सांगणार नाही. १० डेनियरचा तळ ज्याचा स्वतःचा तंबू आहे आणि जो झोपायच्या जागेवरचा एकेक काटा वेचतो त्याच्यासाठी असतो.

नायलॉन ओलं झालं की लांबतं. संध्याकाळी तबल्यासारखी ताणलेली फ्लाय रात्री दहाला पोटात येते आणि आतल्या भागाला चिकटते. मग पायाकडची बॅग भिजते आणि दोष तंबूला जातो. झोपण्याआधी एकदा बाहेर पडून सगळे ताण पुन्हा खेचायचे, एवढंच काम असतं, पण पावसात ते कुणालाच करायचं नसतं. पॉलिएस्टर इतकं लांबत नाही, उन्हानेही सावकाश खराब होतं. त्याच वजनात फाटायला मात्र नायलॉनपेक्षा सोपं. सध्या माझा कल पॉलिएस्टरकडे झुकलाय, आणि याचं खरं कारण ती रात्री दहाची फेरी टळते हेच आहे. डायनीमा कंपोझिट, ज्याला पूर्वी क्युबेन फायबर म्हणत, ते सगळ्यांत हलकं, पाणी पीत नाही, सैल पडत नाही; पण फार महाग, घडी जाड होते आणि घासलं जाणं त्याला सोसत नाही. चौघांच्या सामायिक तंबूसाठी नको.

लेपावरून एक महत्त्वाची गोष्ट. सिलिकॉनचा लेप दोन्ही बाजूंनी असेल तर कापड फाटायला चिवट होतं, पण त्यावर शिवणीची पट्टी चिकटत नाही, म्हणून शिवणी सिलिकॉनच्या सीलरने स्वतः भराव्या लागतात. काही तंबू तसे न भरताच येतात आणि तसं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आतून पॉलियुरेथेन असेल तर पट्टी कारखान्यातूनच लावून येते, पण ओला तंबू महिनोन्महिने पिशवीत कोंबून ठेवला की हा लेप सडतो, चिकट होतो आणि आंबूस वास मारतो. जुना तंबू घेत असाल तर आधी नाक लावा. त्या वासाला औषध नाही. पाण्याचा दाब सोसण्याचे जे मिलिमीटर लिहितात, १,२०० किंवा ३,०००, त्यांच्या मागे फार लागू नका. फ्लायला पावसासाठी १,२०० पुरतात, तळाला गुडघा टेकल्यावर दाब वाढतो म्हणून जास्त हवेत, आणि वापराने हे आकडे उतरतातच.

तंबू उन्हात उभा ठेवून सावलीसाठी वापरायची सवय मात्र मोडा. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. मुक्काम दोन दिवसांचा असेल तर दुपारी फ्लाय काढून आत ठेवलेली बरी.

आता ट्रेकिंग पोलवर उभ्या राहणाऱ्या तंबूंचा प्रश्न, कारण तो तुम्ही विचारला नसला तरी दुकानात कुणीतरी तुमच्यापुढे ठेवणारच. यात तंबूचे स्वतःचे पोल नसतात. चालायच्या काठ्या १२० सेंटिमीटरच्या आसपास लांबवून आत उभ्या करायच्या आणि बाकी सगळा जोर पेगांवर. असे दोन-माणसी तंबू दोन थरांतही १.१ किलोला मिळतात. दोन घेतले तर एकूण २.२, म्हणजे माणशी ५५०. तुमच्या मोठ्या एका तंबूपेक्षाही हलकं. चौघंही काठ्या वापरत असाल तर हा पर्याय खरोखर चांगला आहे. पण उभारणी शिकावी लागते: पहिले चार पेग चुकीच्या कोनात गेले की पुढे काहीच सरळ होत नाही. खडकावर किंवा भुसभुशीत वाळूत पेग धरत नाहीत, तिथे दोरीचा फास छोट्या दगडाला घालून त्याच्यापुढे मोठा दगड टेकवायचा, हे अंधारात हातांना यायला हवं. आणि तंबू उभा ठेवून दिवसभर आसपास फिरायला निघालात तर काठ्या तंबूत अडकलेल्या. स्वतःच्या पोलवर उभा राहणारा तंबू उभा करून उचलून दोन हात सरकवता येतो. नवख्यांना ही सोय फार कामाची असते. म्हणून पहिल्या वर्षी पोलवाले, काठ्यांवरचे पुढच्या वर्षी.

हलकं करण्याला तसा अंत नाही. एमा गेटवुड या बाईंनी १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, सुमारे ३,५०० किलोमीटरची अ‍ॅपलाचियन ट्रेल एकटीने पूर्ण केली तेव्हा त्यांच्याकडे तंबू नव्हताच; आडोशाला न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा होता. कुणी मला विचारलं की अमुक तंबू फार साधा आहे का, तर मला त्या पडद्याची आठवण होते. पण त्यांना पडदा कुणाबरोबर वाटून घ्यायचा नव्हता.

वाटून घेण्यावरून माझी एक चूक सांगते. सहा जणांचा गट होता आणि ओझ्याची वाटणी मी केली होती, तराजू लावून, ग्रॅम ग्रॅम सारखे करून. एका तंबूचं कापड एका जोडीकडे आणि त्याचे पोल दुसऱ्या जोडीकडे गेले, कारण तशी बेरीज जुळत होती. दुपारी धुकं उतरलं. मागची जोडी एका फाट्यावर चुकली आणि शेजारच्या सोंडेवरून खाली गेली. संध्याकाळी आमच्याकडे एका तंबूचे पोल होते, ज्यांचा आम्हाला काही उपयोग नव्हता, आणि त्यांच्याकडे कापड होतं, जे उभं राहू शकत नव्हतं. त्या दोघांनी एका कातळाला पाठ लावून, फ्लाय अंगाभोवती लपेटून रात्र बसून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते वर चढून आले. कुणाला काही झालं नाही, फक्त एकाने मला पोलची पिशवी दाखवून विचारलं, "हे सारखं वाटलंत ना?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून तंबू फोडून वाटायचा झाला तर तो एकत्र चालणाऱ्या, एकत्र झोपणाऱ्या दोघांतच फोडते. त्याहून बरं म्हणजे अख्खा तंबू एकाकडे, आणि त्याच्या जोडीदाराकडे चूल, भांडं आणि गॅस. वजन साधारण तेवढंच भरतं. तुमच्या रोजच्या सकाळच्या कुरबुरीवरही हाच उपाय आहे: साडेचार किलोचा एक गोळा चौघांत फिरवत बसण्याऐवजी प्रत्येक जोडीचं आपलं १.४ किलो असतं आणि त्यावर वाद घालायला समोर एकच माणूस असतो. सकाळी ओली फ्लाय वेगळ्या पिशवीत, सॅकच्या बाहेरच्या खिशात जाऊ द्या. ती आतल्या कोरड्या भागाबरोबर गुंडाळली की संध्याकाळी सगळंच ओलं निघतं. आणि ओल्या फ्लायचं वजनही धरा: माझा १.५ किलोचा नायलॉन तंबू पावसाळी सकाळी नीट झटकूनही जवळजवळ २ किलो भरलेला मी स्वतः मोजलाय.

एकच मॉडेल दोनदा घ्या असं का म्हणाले, तर सुटे भाग. एका तंबूचा पोल मोडला आणि दोन्ही तंबू एकाच जातीचे असले की कोणता पोल कुठे हे पाहून निदान एक तंबू ठणठणीत उभा करता येतो. उभारणी चौघांनाही येते, कुणाचा तंबू कुणीही लावतं. अंधारात हे महत्त्वाचं आहे. पोल अ‍ॅल्युमिनियमचे घ्या. वाकतो तो, आणि वाकलेल्यावर रात्र निघते. कार्बनचा पोल चिरफाळतो आणि त्याच्या कुसळांनी फ्लायला भोकं पडतात. दुरुस्तीची नळी तंबूबरोबर मिळते, बोटभर लांब. ती पिशवीच्या तळाशी न ठेवता पोलवरच सरकवून चिकटपट्टीने गुंडाळून ठेवा. मोडलेल्या जागेवर नळी मधोमध आणून दोन्ही बाजूंना पट्टी आवळायची, बस. गारठलेल्या बोटांनी हे दोन मिनिटांचं काम वीस मिनिटांचं होतं, तेव्हा एकदा घरी करून बघा. पोल घडी घालताना मधल्या सांध्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं म्हणजे आतल्या रबरी दोरीवर ताण सारखा राहतो.

वारा असेल तर तंबूची अरुंद, बुटकी बाजू वाऱ्याकडे करायची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि मोठा तंबू इथेही मार खातो, कारण त्याची भिंतच मोठी.

मोठा एकच तंबू कधी घ्यावा? लहान मुलं बरोबर असतील तर, नक्की. आईबाप वेगवेगळ्या तंबूंत आणि मूल मधेच इकडून तिकडे, हे कुणालाच झेपत नाही. दुसरं, चौघंही अनुभवी असतील आणि तळ नसलेला, मधे एकच खांब असलेला पिरॅमिडसारखा तंबू त्यांना चालत असेल तर. तसा चौघांना पुरणारा निवारा किलोच्या आसपास मिळतो आणि वाऱ्यात चांगला टिकतो. पण त्याला दोन काठ्या बांधून एक उंच खांब करावा लागतो, खाली ओली जमीन असते, कीटकांचं येणंजाणं चालू, आणि तिरक्या भिंतींमुळे कडेची बरीच जागा फक्त सामानाची. तिघंच असाल तर मात्र फार विचार न करता तीन-माणसी एकच घ्या, दोन दारांचा, तो १.७-१.८ किलोला मिळतो आणि वजन-जागेचा तोल त्यात सगळ्यांत चांगला जमतो. मधल्याची जागा रोज बदलायची, एवढा करार आधी करा.

तंबूखाली घालायचं कापड न्यायचं का? तळ २० डेनियरचा असेल आणि जमीन खडबडीत असेल तर न्या, पण कंपनीचं दोनशे ग्रॅमचं नको. खिडक्यांना लावायची पातळ पारदर्शक फिल्म मिळते, तिचा दोन-माणसी तुकडा पन्नास ग्रॅमच्या आसपास बसतो आणि बऱ्याच रात्री टिकतो. तो तळापेक्षा सगळीकडून चार बोटं लहान कापा. बाहेर राहिलेली कड फ्लायवरून ओघळणारं पाणी गोळा करून बरोबर तुमच्या पाठीखाली आणते.

तंबू हातात आल्यावर पहिलं काम, तराजू. दुसरं, अंगणात किंवा गच्चीवर उभा करून वीस मिनिटं नळीने पाणी मारणं, आत एक जण बसलेला असताना. तिसरं, डोळे बांधून नव्हे पण निदान अंधार पडल्यावर, एकाच हेडलॅम्पच्या उजेडात, दोघांनी न बोलता उभा करून बघणं. दहा मिनिटांत झाला तर निघायला हरकत नाही. चेन दर वेळी दोन्ही हातांनी, कापड धरून ओढा. तंबू म्हातारा होतो तो आधी चेनच्या रनरमध्ये. आणि निघण्याच्या सकाळी पेग मोजा. मी दोन तंबूंना मिळून चोवीस नेते. बावीस परत येतात.